देवळाशेजारचा ओढा

ग्रामस्थांचे श्रमदान व देणगीदारांचा सढळ हात यांमुळे आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्णत्वास गेला, ही मोठ्या आनंदाची गोष्ट आहे. स्मरणिका समितीने मलाही चार ओळी लिहिण्यास सांगितले. मी इतिहासकार नव्हे. तालुका कचेरीत दप्तर सांभाळणारा कारकून. तरी देवळाशेजारच्या ओढ्याविषयी अल्पमतीप्रमाणे लिहितो.

आपल्या जवळच्या पुणे शहराचेच उदाहरण घेऊ. जुने कसबे पुणे दोन ओढ्यांच्या मधोमध वसले होते. पूर्वेस नागझरी, पश्चिमेस आंबील ओढा. नागझरीच्या काठचे नागेश्वर व त्रिशुंड गणपती आजही उभे आहेत. आंबील ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावून पेठांच्या जागेतून मुठेस मिळत असे. नानासाहेब पेशव्यांच्या काळी वस्ती वाढली, तेव्हा त्याचा प्रवाह पश्चिमेकडे वळविला गेला. कात्रजला तलाव बांधून जमिनीखालील नळाने शहरातील हौदांत पाणी आणले. पर्वतीच्या पायथ्याशी तळे झाले. तेथेच आज सारसबाग आहे. सांगायचा मुद्दा असा, की ओढा हलविला, पण त्याला वाट दिली आणि पाण्याला जागा दिली.

पुढे शहर दक्षिणेस पसरले. शेतात मुरणारे पाणी पत्रे, स्लॅब व डांबरी सडकांवरून एकदम ओढ्यात येऊ लागले. पाणी वाढले आणि पात्र मात्र भराव व भिंतींनी आवळत गेले. मोऱ्या कचऱ्याने तुंबल्या, सांडपाणी सोडले गेले, आणि ओढ्याचा नाला झाला. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री अतिवृष्टी झाली. आंबील ओढ्याने भिंती पाडल्या, घरांत पाणी शिरले. त्या पावसात शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली.

हे आपणांस का सांगतो? पुणे महापालिकेत 2017 साली 11 व 2021 साली 23 गावे घेण्यात आली. शहर आपल्याही वेशीकडे येत आहे. जमिनीला भाव आला, की प्रथम ओढ्याची रुंदी कमी होते. गाव नकाशा उघडला की ओढा स्पष्ट दिसतो. जागेवर गेले की सापडत नाही, असे प्रसंग मी पाहिले आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 20 प्रमाणे खाजगी मालकीचे नसलेले नदी, नाले, ओढे शासनाचे आहेत, म्हणजेच सर्वांचे आहेत.

उत्सवात गाड्या लावण्यास जागा हवी म्हणून ओढ्यावर स्लॅब टाकावा, अशी सूचना काही मंडळींनी केली आहे. त्यांचा हेतू चांगलाच आहे. तरी वडीलधाऱ्यांनी, पंचांनी व देणगीदारांनी पुन्हा विचार करावा, ही हात जोडून विनंती. गाड्यांसाठी गावठाणात दुसरी जागा शोधता येईल. पाण्याला दुसरी जागा नाही. आपल्या पूर्वजांनी देऊळ ओढ्यापासून चार हात उंचावर बांधले, ते उगीच नव्हे.

देवाचा कळस उंच राहो आणि ओढ्याचे पात्र मोकळे राहो, हीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना. लिहिण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास क्षमस्व.