मिठाचा अंदाज

काकडीच्या कोशिंबिरीला मीठ अगदी पानं वाढायच्या वेळी लावायचं, नाहीतर तिला पाणी सुटतं, हे घरात कुणाला शिकवावं लागत नाही. मातीशिवाय झाडं वाढवणाऱ्यांना मात्र हीच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकावी लागली. मुळाभोवतीचं पाणी मुळातल्या रसापेक्षा खारट झालं, की झाडाला ते ओढून घेता येत नाही. टाकी तुडुंब भरलेली असते आणि वर पानांच्या कडा करपून वळायला लागतात. माणूस पाहतो, त्याला वाटतं खत कमी पडलं, आणि तो आणखी खत घालतो.

झाडाला कोणते क्षार लागतात, हे शोधून काढणाऱ्यांची नावं पाठ्यपुस्तकांत आहेत. ते किती लागतात, याचा इतिहास तितकाच मोठा आहे, पण तो फारसा कुणी सांगत नाही.

सुरुवात लंडनच्या पुदिन्यापासून करता येईल. जॉन वुडवर्ड या अभ्यासकाने पुदिन्याच्या काड्या वेगवेगळ्या पाण्यांत लावल्या. कुणाला पावसाचं पाणी, कुणाला थेम्स नदीचं, तर कुणाला हाइड पार्कच्या नळाचं पाणी बागेतली माती कालवून दिलं. १६९९ मध्ये त्याने निष्कर्ष छापले. पाणी जितकं गढूळ, तितका पुदिना जोमदार होता. त्याआधी अर्धशतक, व्हॅन हेल्माँट या अभ्यासकाच्या वाळुंज झाडाच्या प्रयोगावरून, झाड नुसत्या पाण्यानेच वाढतं असं लोक मानू लागले होते. वुडवर्डच्या पुदिन्याने त्या समजुतीला धक्का दिला. पाण्यातून जमिनीचं काहीतरी झाडात जातं, हे दिसलं. ते काहीतरी म्हणजे नेमकं काय, हे समजायला रसायनशास्त्राला आणखी दीडशे वर्षं लागली.

१८६० च्या सुमारास जर्मनीत युलियस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी मातीचा कणही न वापरता, केवळ क्षार विरघळवलेल्या पाण्यात झाडं वाढवून दाखवली. क्नोपची कृती आजही शिकवली जाते: कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट, पोटॅशियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि लोहाचा अंश. यात नजर थांबते ती प्रमाणावर. लिटरभर पाण्यात सगळे क्षार मिळून दीड ग्रॅमही भरत नाहीत. म्हणजे चहाच्या लहान चमच्याचा साधारण पाव भाग. एवढ्यावर झाड उभं राहतं.

पुढची साठ-सत्तर वर्षं ही कला प्रयोगशाळेच्या बरण्यांतच राहिली. तिला बाहेर काढलं कॅलिफोर्नियातल्या विल्यम फ्रेडरिक गेरिके यांनी.

गेरिके बर्कलीच्या विद्यापीठात होते. उथळ टाक्यांत क्षारांचं पाणी, वर तारेची जाळी, जाळीवर भुसा-पेंढा, आणि त्यातून खाली सोडलेली मुळं, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये त्यांनी या पद्धतीवर लेख लिहिला. पंचवीस फूट उंच चढलेले त्यांचे टोमॅटो शिडी लावून तोडावे लागत. वर्तमानपत्रांनी ही बातमी उचलून धरली. १९३७ मध्ये ‘हायड्रोपोनिक्स’ हा शब्द छापून आला; तो त्यांना सुचवला होता विद्यापीठातलेच वनस्पतिशास्त्रज्ञ सेचेल यांनी. आर्थिक मंदीने पोळलेल्या अमेरिकेत हा शब्द वणव्यासारखा पसरला. क्षारांच्या पुड्या आणि टाक्या विकणारे उभे राहिले, गच्चीवर अन्न पिकेल अशी स्वप्नं रंगली.

मग वाद झाला. विद्यापीठाने पद्धतीचा तपशील मागितला. हे काम आपण आपल्या खासगी वेळात केलं, असं म्हणत गेरिके यांनी तो द्यायला नकार दिला आणि अखेर विद्यापीठ सोडलं. दाव्यांत तथ्य किती, हे तपासायचं काम डेनिस होगलंड आणि डॅनियल आर्नन या दोघांकडे आलं. होगलंड या कामाला अगदी योग्य माणूस होते. पहिल्या महायुद्धात जर्मन पोटॅश मिळेनासं झालं, तेव्हा समुद्रातल्या केल्प शेवाळापासून ते काढता येईल का, याचा अभ्यास त्यांनी केला होता. समुद्राच्या पाण्यात जे भरपूर असतं, ते सोडून शेवाळ नेमकं आपल्याला हवं ते ओढून साठवतं, हे त्यांनी पाहिलं होतं. १९१९ मध्ये तर द्रावणाची तीव्रता आणि आम्लता यांचा झाडाच्या वाढीशी संबंध काय, यावरच त्यांचा दीर्घ लेख आला होता.

१९३८ मध्ये दोघांची पुस्तिका निघाली. तिचा निष्कर्ष शांत आणि थंड होता: चांगल्या सुपीक मातीपेक्षा पाण्यात पीक काही जादूने जास्त येत नाही. गंमत अशी, की स्वप्नाला लगाम घालायला लिहिलेली हीच पुस्तिका पुढे जगभरच्या पाणशेतीचा पाया झाली. तिच्यातलं द्रावण ‘होगलंड द्रावण’ म्हणून आजही प्रयोगशाळांत बनवलं जातं. लिटरमागे नायट्रोजन सुमारे २१० मिलिग्रॅम, पोटॅशियम २३५, फॉस्फरस ३१. अनेक संशोधक ते निम्म्यावर पातळ करूनच वापरतात. झाडाचं तेवढ्यावर भागतं.

पुस्तिका निघाली त्याच वर्षी पॅन अमेरिकन या विमान कंपनीने प्रशांत महासागरातल्या वेक बेटावर विमानप्रवाशांसाठी अशी बाग केली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने असेन्शन बेटाच्या लाव्हा खडीत भाज्या पिकवल्या, युद्धानंतर जपानात तोक्योजवळ चोफूला.

भारताचा धागा इथेच जुळतो, आणि तो आठवणीत ठेवण्याजोगा आहे. १९४६ मध्ये, बंगालच्या दुष्काळाला तीनच वर्षं झालेली असताना, जेम्स शोल्टो डग्लस यांनी तेव्हाच्या दार्जिलिंग जिल्ह्यात कालिम्पाँगच्या सरकारी प्रयोगक्षेत्रावर मातीविना शेतीचे प्रयोग सुरू केले. पंप नाही, वीज नाही, मोजायचं यंत्र नाही, असा प्रदेश. त्यांनी अमेरिकन टाक्यांची नक्कल केली नाही. दगडाचा चुरा आणि वाळू भरलेल्या वाफ्यांवर क्षारांची कोरडी पूड मोजून भुरभुरवायची आणि वरून पाणी शिंपडायचं. १९५१ मध्ये ‘बंगाल सिस्टिम’ या नावाने त्यांचं पुस्तक आलं. या पद्धतीतलं शहाणपण लगेच लक्षात येत नाही. पूड जरा जास्त पडली तरी खडी आणि वाळू ती हळूहळू सोडतात. हात चुकला तर सावरायला वेळ मिळतो. परसातल्या आळ्यात शेणखताची एक पाटी जास्त पडली म्हणून वांगं मरत नाही, तसंच काहीसं.

दुसऱ्या टोकाला हवेतली शेती, म्हणजे एरोपोनिक्स. तिथे हात सावरायला काहीच नसतं. मुळं बंद पेटीत अधांतरी लोंबतात आणि दर काही मिनिटांनी त्यांच्यावर क्षारांच्या पाण्याचं धुकं सोडलं जातं. १९११ मध्ये रशियात व्लादिमीर आर्त्सिखोव्स्की यांनी अशा लागवडीवर लिहिलं. १९४२ मध्ये कार्टर यांनी मुळं न दुखावता पाहता यावीत म्हणून ती बाष्पात वाढवली. १९५७ मध्ये फ्रिट्स वेंट यांनी कॉफी आणि टोमॅटो असे वाढवून या तंत्राला ‘एरोपोनिक्स’ हे नाव दिलं, आणि १९८३ मध्ये रिचर्ड स्टोनर यांच्या यंत्राने ते बाजारात आणलं. आपल्याकडे शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने रोगमुक्त बियाण्यासाठी हेच तंत्र घेतलं. पेटीचं झापड उघडायचं, अधांतरी लटकलेले लहान लहान बटाटे खुडायचे आणि झापड लावून टाकायचं. त्याच झाडाला पुन्हा बटाटे लागतात.

दोन फवाऱ्यांच्या मधल्या वेळात मुळावरचा पाण्याचा पापुद्रा वाळू लागतो. पाणी उडतं, मीठ उरतं. टाकीत जे पाणी सौम्य असतं, ते मुळाच्या टोकाशी पोचून खारट होतं. म्हणून इथे द्रावण आणखी पातळ ठेवावं लागतं. फवाऱ्याच्या बारीक भोकातही हेच मीठ बसतं, भोक बुजतं, आणि त्या फवाऱ्याखालची मुळं काही तासांत तपकिरी पडतात.

हे सगळं जिभेवर ओळखता येत नाही, म्हणून वीज कामाला आली. क्षारांच्या पाण्यातून वीज किती वाहते, हे अचूक मोजायची रीत एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश कोलराउश यांनी घालून दिली. पाण्याचं विघटन होऊन मोजमाप बिघडू नये म्हणून त्यांनी उलटसुलट फिरणारा प्रवाह वापरला. रोधाच्या ‘ओम’ या एककाची अक्षरं उलट लिहून वाहकतेचं ‘म्हो’ झालं. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या क्षारता प्रयोगशाळेच्या पुस्तिकेने खारवट जमिनीची सीमा सेंटिमीटरला ४ मिलीम्हो अशी ठरवली. आज नाशिकच्या द्राक्षबागेत किंवा तळेगाव दाभाड्याच्या पॉलिहाऊसमध्ये ‘ईसी किती आला?’ हा प्रश्न ‘जेवलात का’ इतक्या सहजपणे विचारला जातो, तो याच मोजमापाचा; ईसी म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता.

मोजमाप सोपं झाल्यावर ही विद्या घरात शिरली. अमेरिकेत तळघरांत दिवे लावून गांजा पिकवणाऱ्यांनी ती फार लवकर उचलली. १९८९ मध्ये तिथल्या अमली पदार्थविरोधी खात्याने ‘ग्रीन मर्चंट’ मोहीम काढली, तेव्हा छापे पडले ते अशा बागकामाचं साहित्य विकणाऱ्या दुकानांवरही. कायद्याच्या आतले आणि बाहेरचे, दोघांनाही चुका त्याच नडल्या.

एक चूक मोजणाऱ्या पेनच्या आकड्याची. बाजारातला टीडीएस पेन प्रत्यक्षात वाहकताच मोजतो आणि तिला कधी ५०० ने, कधी ७०० ने गुणून आकडा दाखवतो. एकाच बादलीत दोन पेन बुडवले तर एक १००० सांगतो, दुसरा १४००. पाणी तेच असतं. दुसरी चूक साठवणीच्या टाकीतली. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेटची खतं घट्ट स्वरूपात एकत्र केली की तळाशी पांढरा गाळ बसतो. ते असतं जिप्सम. म्हणून ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन टाक्या वेगळ्या असतात. तिसरी चूक अधिक लबाड आहे. ईसी सगळ्या क्षारांची बेरीज सांगतो, कोणता संपला ते सांगत नाही. पोटॅशियम, फॉस्फरस झाड भराभर उचलतं, कॅल्शियम मागे साचत राहतं. आकडा जागचा हलत नाही आणि झाड उपाशी असतं. म्हणून जाणकार अधूनमधून टाकी पूर्ण रिकामी करून नवं पाणी भरतात.

एप्रिलच्या दिवसांत पॉलिहाऊसमध्ये उभं राहिलं तर हे सगळं एका दिवसात दिसतं. सकाळी टाकीचा ईसी १.६ असतो. ऊन चढतं, पानं घाम गाळावा तसं पाणी उडवतात. झाड पाणी जास्त पितं, मीठ कमी. संध्याकाळी पेन पुन्हा बुडवला तर १.९. नवखा मजूर खताची पिशवी उघडायला जातो. शेजारी उभा असलेला जुना माळी त्याचा हात धरतो आणि साध्या पाण्याचा नळ सोडतो.