शिरस्त्राणावरचे नाव

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्याने चौक गावापाशी पोचले, की धारावी किल्ल्याची टेकडी लागते. धारावी म्हटले की मुंबईची वस्ती आठवते. ही धारावी वेगळी. इथे आता चिमाजी अप्पांचा पुतळा उभा आहे. समोर खाडी आहे आणि खाडीपलीकडे वसईचा कोट. १७३७ ते १७३९ या काळात या टेकडीसाठी मराठे आणि पोर्तुगीज पुनःपुन्हा झुंजले, कारण ती ज्याच्या ताब्यात, त्याला वसईच्या खाडीचे तोंड आवळता येत होते. आमच्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला घोडबंदरचा किल्ला आहे. तो मराठ्यांनी १७३७मध्येच घेतला होता. मे १७३९मध्ये वसई पडली.

या शहरात राहणाऱ्या माझ्यासारख्याला एक साधा प्रश्न पडावा, तसा पडला. टेकडी चढणाऱ्या माणसाच्या हातात नेमके काय होते? डोक्यावर काय होते? नुसते ‘ढाल-तलवार’ म्हणून भागत नाही. पाते किती लांब, मूठ कशी, टोप लोखंडाचा की कापडाचा? उत्तर शोधता शोधता मी भलत्याच ठिकाणी पोचलो. ते ठिकाण म्हणजे रोमन सैनिकांच्या शिरस्त्राणांवरची पुस्तके.

वाट आडवळणाची वाटली, तरी ती एकाच लेखकाने घालून दिलेली आहे. एच. रसेल रॉबिन्सन हे टॉवर ऑफ लंडनच्या शस्त्रागारातले अभ्यासक. त्यांचे ‘ओरिएंटल आर्मर’ हे पुस्तक १९६७चे. त्यात पूर्वेकडच्या देशांतली, म्हणजे भारतातलीही, चिलखते आणि टोप आहेत. मी ते भारतासाठी उघडले. पुढे १९७५मध्ये त्यांनी ‘द आर्मर ऑफ इम्पीरियल रोम’ लिहिले, आणि रोमन शिरस्त्राणांच्या अभ्यासात ते आजही टाळता येत नाही. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली, की एकाच माणसाच्या हाती दोन प्रकारची सामग्री आली असता काय होते, ते कळते.

रोमन पुस्तकात शिरस्त्राणांना गावांची नावे आहेत. मॉन्टेफोर्टिनो हे इटलीतले दफनस्थान. तिथे सापडलेल्या घाटाच्या टोपांना तेच नाव मिळाले. कूलुस हे फ्रान्समधले ठिकाण. जर्मन अभ्यासकांची नावे निराळी, हागेनाऊ आणि वाइसेनाऊ, पण तीही ठिकाणांचीच. वस्तू कुठे सापडली, हे तिच्या नावातच राहिले. त्यामुळे शे-दोनशे वर्षांतले बदल ओळीने मांडता येतात. आधीच्या टोपाला मानेमागे जेमतेम ओठासारखी कड होती. ती पुढे रुंद होत गेली. कपाळावर आडवी पट्टी आली, म्हणजे वरून येणारा वार तिथेच अडावा. गालपट्ट्या मोठ्या झाल्या, पण कान मोकळे राहिले, कारण हुकूम ऐकू यायला हवा. पुढे माथ्यावर लोखंडाच्या दोन पट्ट्या फुलीसारख्या बसल्या. डेशियन लोकांच्या कोयत्यासारख्या वाकड्या शस्त्राशी गाठ पडल्यामुळे ही सुधारणा झाली, असे अनेक अभ्यासक मानतात. टोपातला प्रत्येक बदल म्हणजे कुणीतरी खाल्लेल्या वाराची नोंद.

मात्र मला थांबवले ते दुसऱ्याच गोष्टीने. रोमन शिपाई आपल्या टोपावर, बहुधा मानेमागच्या पट्टीवर, टोच्याने ठिपके मारून आपले नाव आणि आपल्या तुकडीच्या नायकाचे नाव घालत असे. टोप जुना झाला तरी टाकला जात नसे. दुसऱ्याच्या डोक्यावर जाई आणि त्याचे नाव पहिल्याशेजारी येई. ब्रिटिश म्युझियममधल्या एका टोपावर अशी चार नावे आहेत. सम्राटांच्या इतिहासात ज्यांना जागा नाही, अशी ही माणसे पितळेवरच्या ठिपक्यांत राहिली.

एम. सी. बिशप आणि जे. सी. एन. कोल्स्टन यांचे ‘रोमन मिलिटरी इक्विपमेंट’ (१९९३) हे या विषयावरचे दुसरे महत्त्वाचे पुस्तक. ते तीन साक्षीदार मानते: चित्र-शिल्प, लेख आणि प्रत्यक्ष वस्तू. तिघांची उलटतपासणी घ्यायची. रोममधल्या ट्राजनच्या स्तंभावर पट्ट्यापट्ट्यांचे चिलखत घातलेले सैनिक कोरले आहेत, पण त्या पट्ट्या एकमेकींना कशा जोडल्या होत्या, हे शिल्पावरून नीट उलगडत नव्हते. १९६४मध्ये इंग्लंडमधल्या कॉर्ब्रिज इथे जमिनीत पुरलेल्या पेटीत खरी चिलखते मिळाली आणि बिजागऱ्या, बकले, चामड्याचे आतले पट्टे यांचा मेळ लागला. शिल्पकाराने सोपे करून दाखवलेले वस्तूने दुरुस्त केले.

हीच कसोटी आपल्याकडे लावून पाहू. लेखांची ददात नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी केलेल्या राजव्यवहारकोशात शस्त्रांचा स्वतंत्र वर्ग आहे. गो. स. सरदेसाई यांनी संपादलेल्या पेशवे दप्तराच्या निवडींतला सोळावा खंड वसईच्या मोहिमेचा आहे. धोप, फिरंग, पट्टा, गुर्ज, विटा, माडू, बिचवा, बख्तर, झिलम असे शब्दांचे भरलेले कोठार आपल्याकडे आहे. वस्तूही कमी नाहीत. संग्रहालयांत आणि वाड्यांत त्या पुष्कळ आहेत. अडचण ही, की शब्द एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे. त्यांना जोडणारा पत्ता हरवला आहे. पाटीवर ‘शिवकालीन तलवार’ एवढेच लिहिलेले असते. कुणाची, कुठून आली, कोणत्या लढाईतली, हे तलवारही सांगत नाही.

फिरंग घ्या. सरळ, लांब, युरोपी पात्याची ही तलवार. पाती पोर्तुगीजांच्या आणि इतरांच्या जहाजांतून किनाऱ्यावर उतरत आणि इथले कारागीर त्यांना इथली मूठ बसवत. अनेक पात्यांवर युरोपातल्या कारखान्याची खूण किंवा लोहाराचे नाव सापडते. म्हणजे पाते कुणी घडवले ते कधी कधी वाचता येते. मूठ कुणी बसवली आणि ती कुणी धरली, ते मात्र नाही.

हा पत्ता आपोआप हरवला नाही. तंजावरच्या भोसल्यांचे राज्य १८५५मध्ये संपले. त्यांचे शस्त्रागार पुढच्या दशकात इंग्रज सरकारने निकालात काढले. निवडक नग मद्रासच्या संग्रहालयात गेले, उरलेले मोडून जुने लोखंड म्हणून विकले गेले. ही हकिकत एम. जे. वॉलहाउस या इंग्रज अधिकाऱ्याने ‘इंडियन अँटिक्वेरी’त १८७८मध्ये लिहिली. बचावलेल्या नगांच्या आधाराने रॉबर्ट एल्गुड यांना ‘हिंदू आर्म्स अँड रिच्युअल’ (२००४) लिहिता आले. भंगारात गेलेल्यांवरचे पुस्तक आता कुणालाच लिहिता येणार नाही. त्याच १८७८ साली हत्यारांचा कायदा आला आणि परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला. ज्याच्या घरात शस्त्र होते, त्याला ते कुठून आले हे सांगण्यापेक्षा न सांगण्यातच शहाणपण वाटले असेल, तर नवल नाही.

ठिपक्यांनी नाव घालण्याची रीत मात्र रोमनांपुरती नव्हती. बिकानेरचे महाराजा अनुपसिंह औरंगजेबाच्या बाजूने दख्खनेत लढले. १६८९मध्ये अदोनीहून त्यांनी नेलेल्या शस्त्रांवर आणि चिलखतांवर बिकानेरच्या शस्त्रागारात देवनागरीत ठिपक्यांचे लेख टोचले गेले. म्हणून ते नग आज जगात कुठेही असले, तरी ‘अदोनीचे’ म्हणून ओळखता येतात. दख्खनच्या शस्त्रांचा पत्ता जपला तो जिंकून नेणाऱ्याच्या कारकुनाने!

वसईच्या बाबतीत हे काम घंटांनी केले. तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांना वाहिल्या. मेणवलीच्या घंटेवर १७०७, नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१ असे साल ओतलेले आहे. त्यामुळे त्या कुठल्या, याविषयी वाद उरत नाही. मोहिमेतल्या घंटा ओळखता येतात आणि तलवारी ओळखता येत नाहीत, यामागे एवढेच कारण आहे.

२०२४मध्ये लंडनहून साताऱ्याला आलेल्या वाघनखांवरून बरीच चर्चा झाली. तिथेही मुद्दा हाच होता. अफझलखानाच्या वधाचा उल्लेख वाघनखांवर नाही, सोबतच्या डबीवर आहे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानेच ती वाघनखे त्या प्रसंगातली असल्याचे पडताळता येत नाही, असे म्हटले आहे. यात महाराजांच्या पराक्रमाला उणेपणा येत नाही. तो कागदांत भक्कम आहे. वस्तूकडे मात्र तिच्या अंगावर लिहिले आहे तेवढेच मागता येते.

हा लेख दिवाळीत वाचला जाईल, म्हणजे दसरा नुकताच झालेला असेल. अनेक घरांत पूर्वजांची तलवार, पट्टा, कट्यार पूजेसाठी बाहेर निघाली असेल. ती घासूनपुसून लखलखीत केली असेल. त्या घासण्यात पात्यावरची पुसट खूण, मुठीखालचे एखादे मोडी अक्षर, ठिपक्यांची ओळ दर वर्षी थोडी थोडी जाते, याची मला धास्ती वाटते. पुढच्या दसऱ्याला राख किंवा पॉलिश पेपर हाती घेण्यापूर्वी पात्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे तिरप्या उजेडात काढावीत. लांबी, रुंदी, वजन लिहावे. आजीला किंवा काकांना विचारून हे शस्त्र कुणाकडून, कोणत्या गावाहून घरात आले, ते त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवावे. सांगोवांगी असेल तर सांगोवांगी म्हणूनच लिहावे. एका वहीचे हे काम आहे.

मराठ्यांच्या शस्त्रांवर रॉबिन्सनसारखे पुस्तक लिहिणारा कुणी पुढे येईल, तेव्हा त्याला अशा शेकडो वह्या लागतील. धारावीची टेकडी चढलेल्या माणसाचे नाव कदाचित त्यातही मिळणार नाही. पण त्याच्या डोक्यावर काय होते, एवढे तरी सांगता येईल.