नाशिकहून अलिबागला जायचंय? बोट, एसटी की स्वतःची गाडी, आधी हे वाचा

नाशिक : द्राक्षाचा हंगाम उरकला, पोरांना सुट्ट्या लागल्या की घरात समुद्राचा विषय निघतोच. मुंबईहून सोयीचा किनारा म्हणजे रायगड जिल्ह्यातलं अलिबाग. पण अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. म्हणून मुंबईपासून पुढं कसं जायचं, हे घरूनच ठरवून निघावं.

आम्ही ते ठरवलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी जूनमध्ये आईला घेऊन थेट गेटवेला गेलो, तर बोटी बंद. भर पावसात सामान घेऊन परत सीएसएमटी, लोकलने पनवेल, मग एसटी. पोचेपर्यंत अंधार पडला. आईला समुद्र दिसला तो दुसऱ्या दिवशी.

गेटवेहून बोट
पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघालं तर दुपारच्या आत सीएसएमटी. तिथून टॅक्सीने किंवा बेस्टच्या बसने गेटवे. बोट साधारण तासाभरात मांडव्याला सोडते. मांडव्याहून अलिबाग सुमारे २० किलोमीटर. काही बोटींच्या तिकिटातच पुढच्या बसचं भाडं धरलेलं असतं, तिकीट काढतानाच विचारा. पावसाळ्यात, साधारण जून ते ऑगस्ट, ही सेवा बंद असते. परतीची शेवटची बोट किती वाजता, हे उतरल्या उतरल्या विचारून ठेवा.

भाऊच्या धक्क्याहून रो-रो
ही मोठी बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. माणसांसोबत कार, मोटारसायकलही चढते. तासाभरात मांडवा. पावसाळ्यातही चालते, पण हवामान बिघडलं की फेरी रद्द होते. लोकलने जाणाऱ्यांना हार्बर लाइनचं डॉकयार्ड रोड स्टेशन जवळ.

पनवेलहून एसटी
मुंबईत शिरायचीच गरज नाही. कल्याणला उतरा, लोकलने ठाणे, ठाण्याहून पनवेलची लोकल. पनवेल एसटी स्टँडवरून अलिबागच्या गाड्या मिळतात. बारा महिने चालणारा हा रस्ता. एसटीत महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाला अर्धं आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. आधार कार्ड जवळ ठेवा. एसटीची ही सवलत बोटीत नाही.

स्वतःची गाडी
भिवंडी, शिळफाटा, पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग. रो-रोसाठी आपल्याला गाडी घेऊन पार मुंबईच्या आत शिरावं लागतं, म्हणून नाशिककरांना सडकच सोयीची. शनिवारी-रविवारी पेण-वडखळ भागात कोंडी होते. पहाटे निघावं.

मग कोणी काय निवडावं?
घरात बायामाणसं, म्हातारी माणसं जास्त असतील तर एसटी परवडते, फक्त गाड्या बदलाव्या लागतात. पोरांना बोटीची हौस असेल तर पावसाळा सोडून गेटवे. पाच-सहा जण आणि सामान असेल तर गाडी.

आणखी एक. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत पाहता येतो. आत जाण्याआधी भरतीची वेळ स्थानिकांना विचारा. पाणी चढायला लागलं की फोटोच्या नादात थांबू नका.