व्यवस्थापकच आभासी संगणकात
एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन, चालविता येतात. अशा अनेक सर्व्हरचे एकत्रित व्यवस्थापन करणारे व्हीएमवेअरचे ‘व्हीसेंटर’ हे सॉफ्टवेअर स्वतःही त्यांपैकीच एका आभासी संगणकात चालू शकते. २०२० मधील व्हीस्फिअर ७.० पासून त्याची विंडोजवरील आवृत्ती बंद झाली.

व्हीसेंटर ज्या सर्व्हरवर आहे तोच बंद पडला तर? ‘हाय अव्हेलेबिलिटी’ सुविधा आधीच कार्यान्वित असल्यास उर्वरित सर्व्हर व्हीसेंटरच्या मदतीविना त्याला दुसरीकडे पुन्हा सुरू करतात. दरम्यान इतर सर्व्हरवरील आभासी संगणकांचे काम अखंड चालते. सुविधा नसेल, तर प्रशासकाला थेट सर्व्हरमध्ये प्रवेश करावा लागतो. म्हणूनच व्हीसेंटर कोणत्या सर्व्हरवर आहे, याची नोंद बाहेर ठेवणे अगत्याचे ठरते.