नको असलेला गर्भ आणि निर्णयाचा हक्क : वर्धा जिल्ह्याचा इतिहास

लग्नाआधी, वैधव्यात किंवा मनात नसताना दिवस गेले, तर पुढे काय करायचे हा प्रश्न वर्धा जिल्ह्यात गेली दीडशे वर्षे क्वचितच एकट्या तरुणीच्या हाती राहिला. घरातली माणसे, जात, सुईण, न्यायालय, डॉक्टर आणि कायदा यांनी तो निरनिराळ्या काळात आपल्याकडे घेतला.

1862 साली नागपूरपासून वेगळा होऊन वर्धा जिल्हा बनला. त्याच वर्षाच्या 1 जानेवारीपासून भारतीय दंडसंहिता अमलात आली. तिच्या 312व्या कलमाने स्त्रीचा जीव वाचवण्याखेरीज इतर कोणत्याही कारणाने गर्भ पाडणे गुन्हा ठरवले. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि पोटात मुलाची हालचाल सुरू झालेली असल्यास सात वर्षांपर्यंत होती. गर्भ स्वतः पाडणारी स्त्रीही गुन्हेगार ठरे. मूल जन्मल्याचे लपवण्यासाठी मृतदेहाची गुपचूप विल्हेवाट लावणे हा 318व्या कलमाखाली वेगळा गुन्हा होता.

या कायद्याचा भार सर्व स्त्रियांवर सारखा पडला नाही. कुणबी, तेली अशा अनेक जातींत विधवेचा पाट लावण्याची रीत होती. त्यामुळे तिला पुन्हा संसार थाटण्याची वाट होती. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींत 1856च्या विधवाविवाह कायद्यानंतरही ही वाट बंदच राहिली. अशा घरातल्या तरुण विधवेला दिवस गेले, तर गर्भ पाडणे, जन्मलेले मूल मारणे, घर सोडणे किंवा जीव देणे एवढेच पर्याय दिसत. ज्योतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते याच कारणाने. पुढे 1875 साली पंढरपुरातही तसे गृह सुरू झाले. सुरतेत अर्भकहत्येबद्दल एका तरुण विधवेला शिक्षा झाल्यावर वर्ध्याच्या शेजारच्या वऱ्हाडातून, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले आणि दोषातला पुरुषाचा वाटा उघड मांडला. पुण्या-पंढरपूरच्या गृहांत गुप्तपणे बाळंत होता येई आणि मूल मागे ठेवता येई. गर्भ ठेवायचा की नाही, हा प्रश्न मात्र तेथेही स्त्रीच्या हाती नव्हता.

विसाव्या शतकात गर्भ राहूच न देण्याचा विचार पुढे आला. र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. डिसेंबर 1935मध्ये संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या, अमेरिकेच्या मार्गारेट सँगर गांधीजींना भेटायला वर्ध्याला आल्या. कृत्रिम साधने गांधीजींना मान्य नव्हती; नवऱ्याला नकार द्यायला स्त्रीने शिकावे, असे ते म्हणत. रोजच्या संसारात असा नकार टिकत नाही, म्हणून साधन स्त्रीच्या हाती असावे, हे सँगर यांचे म्हणणे होते. स्त्रीचा नकार महत्त्वाचा, हे दोघांनाही मान्य होते; तो कशाच्या बळावर टिकेल, यावर मतभेद होता.

गांधीजींच्या सहवासात वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला राहिलेल्या डॉ. सुशीला नायर 1962 ते 1967 केंद्रात आरोग्यमंत्री होत्या. त्याच काळात, 1964 साली, महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली गर्भपाताच्या प्रश्नावर समिती नेमली गेली. तिने डिसेंबर 1966मध्ये अहवाल दिला. चोरून होणाऱ्या गर्भपातांत बायका दगावत होत्या, हे समितीच्या शिफारशींमागचे मोठे कारण होते. तिच्या आधारे 1971चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि 1 एप्रिल 1972पासून लागू झाला. तोवर डॉ. नायर यांच्या पुढाकाराने 1969 साली सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली होती. संस्थेचे कस्तुरबा रुग्णालय जिल्ह्यातल्या बायकांच्या उपचारांचे मोठे ठिकाण बनले.

नव्या कायद्याने निर्णय न्यायालयाकडून डॉक्टरकडे आला. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी होती. नवऱ्याची सही कायद्याने कधीच मागितली नाही, तरी दवाखान्यांतून ती मागितली जात राहिली. गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याचे कारण फक्त विवाहितेसाठी होते. अविवाहित मुलीला मानसिक आरोग्यासारख्या दुसऱ्या कारणाचा आधार घ्यावा लागे, आणि अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकाची संमती लागे. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राने 1990च्या दशकात ग्रामीण महाराष्ट्रात केलेल्या अभ्यासातही हेच दिसले : कोवळ्या वयाच्या विवाहितांचा निर्णयात वाटा कमी होता, आणि अविवाहित मुली गुप्ततेसाठी अप्रशिक्षित माणसांकडे जात. ‘पिशवी साफ करणे’ या बोलीतल्या आडवळणी शब्दांतही ती गुप्तता दिसते. 2002 साली गर्भपाताच्या गोळ्यांना मान्यता मिळाल्यावर औषधदुकान ही आणखी एक वाट झाली. डॉक्टरांच्या देखरेखीविना गोळ्या घेतल्याने अतिरक्तस्राव किंवा अर्धवट गर्भपात झालेल्या बायका मग रुग्णालयात येऊ लागल्या.

गर्भपाताची कायदेशीर मुदत उलटून गेलेल्या मुलींसाठी सेवाग्रामला कस्तुरबा हेल्थ सोसायटीचे ‘आकांक्षा’ हे केंद्र आहे. तेथे अविवाहित मातांना आसरा मिळतो आणि बाळ दत्तक देता येते. 2015च्या बालन्याय कायद्यानुसार बाळ बालकल्याण समितीपुढे सोपवल्यावर आईला फेरविचारासाठी साठ दिवस मिळतात.

2012च्या पोक्सो कायद्याने अठराखालील मुलीशी आलेला संबंध, तिची संमती असली तरी, गुन्हा ठरला आणि त्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक झाले. पोलीस चौकीच्या धास्तीने काही कुटुंबे चोरवाट धरतात. जानेवारी 2022मध्ये जिल्ह्यातल्या आर्वीच्या एका खासगी रुग्णालयात अल्पवयीन मुलीचा बेकायदा गर्भपात झाल्याची तक्रार आली. तपासात रुग्णालयाच्या आवारातील गोबरगॅस टाकीत अर्भकांच्या कवट्या आणि हाडे सापडली. मुलीवर गर्भपाताची जबरदस्ती झाल्याचा आरोप होता.

2021च्या दुरुस्तीने गर्भपात कायद्यात ‘नवरा’ऐवजी ‘जोडीदार’ आला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. ठरावीक गटांतील स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे. 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही मुभा अविवाहितांनाही दिली, तसेच अल्पवयीन मुलीने व पालकाने विनंती केल्यास पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे सांगितले. चोवीस आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ ठरवते. इतर कारणांसाठी जिल्ह्यातल्या स्त्रीला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जावे लागते. 1 जुलै 2024पासून जुन्या दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तरी गर्भपात कायद्याच्या चौकटीबाहेरचा गर्भपात तिच्या 88व्या कलमाखाली गुन्हाच राहिला आहे.