पाठीच्या कण्याचा क्षय

ईजिप्तमधील अमोनदेवाच्या नेस्पेरेहान नामक पुरोहिताची ममी 1910 साली इलियट स्मिथ व रफर यांनी तपासून वर्णिली, तेव्हा झिजलेले मणके, पुढे वाकलेली पाठ आणि कण्यापासून कंबरेच्या स्नायूत उतरलेले गळू, असा या व्याधीचा सहस्रावधी वर्षांपूर्वीचा बिनतोड दाखला हाती आला. तरीही व्याधीस नाव लाभले ते लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू इस्पितळातील शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांचे. 1779 च्या आपल्या पुस्तिकेत त्यांनी नोंदविले की, अशा रुग्णाचे पाय नेहमीच्या पक्षाघाताप्रमाणे लुळे न पडता ताठरतात, आणि याचे मूळ मणक्यांच्या सडण्यात असते. पाठ सरळ करण्यासाठी पोलादी पट्टे नि झोपाळे वापरण्याची तत्कालीन तजवीज त्यांनी निरर्थक ठरविली. एवढ्या सूक्ष्म दृष्टीच्या माणसाचा इलाज मात्र आज अंगावर काटा आणतो: कुबडाच्या दोन्ही बाजूंस दाहक द्रव्याने जखमा करून, त्या महिनोन्‌महिने वाहत्या ठेवावयाच्या! त्या यातना सोसणाऱ्यांत कितीतरी कोवळी मुले होती, हे विसरता येत नाही.

क्षयाच्या जंतूचा शोध रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये लावला. परंतु रुग्णाच्या वाट्याला त्यानंतरही अनेक दशके प्लास्टरच्या साच्यातील निश्चल शयन, मोकळी हवा आणि सूर्यप्रकाश एवढेच आले. स्ट्रेप्टोमायसिन आणि त्यामागोमाग आलेल्या औषधांनी ती कैद सैल केली, आणि मद्रासमधील चाचण्यांनी तर अनेक रुग्णांना खाटेस न खिळवता, हिंडते-फिरते ठेवूनच बरे करता येते, हे सप्रमाण सिद्ध केले.