धागा : रजोनिवृत्तीनंतरची गोळी, आयुष्यभर की पाच वर्षे?

जुलै २००२. अमेरिकेतील एका मोठ्या वैद्यकीय चाचणीत सहभागी असलेल्या १६,६०८ स्त्रियांना कळवण्यात आले की, रोजची गोळी आता थांबवा. त्यापूर्वीची जवळपास चार दशके हीच गोळी आयुष्यभर घ्यावी, असा सल्ला दिला जात होता.

हे औषध त्याहून जुने. १९४२ मध्ये अमेरिकेत 'प्रीमारिन'ला मान्यता मिळाली. गाभण घोडींच्या मूत्रातून काढलेले इस्ट्रोजेन हा त्याचा गाभा. पाळी थांबताना अंगातून निघणाऱ्या वाफा आणि रात्रीचा घाम यांवर ते खरोखरच गुणकारी होते.

'आयुष्यभर' हा शब्द रूढ केला न्यूयॉर्कच्या रॉबर्ट विल्सन या स्त्रीरोगतज्ज्ञाने. १९६६ मधील 'फेमिनिन फॉरएव्हर' या पुस्तकात त्याने रजोनिवृत्तीला चक्क कमतरतेचा रोग ठरवले. मधुमेह्याला इन्सुलिन, तसे स्त्रीला इस्ट्रोजेन. त्याच्या संस्थेला औषध कंपन्यांचा पैसा मिळत होता, हे वाचकांना ठाऊक नव्हते.

पहिला धक्का १९७५ मध्ये बसला. कॅलिफोर्नियातील एका अभ्यासात नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढलेला आढळला : पाच वर्षांपर्यंत घेणाऱ्यांत सुमारे साडेपाच पट, सात वा अधिक वर्षे घेणाऱ्यांत सुमारे चौदा पट. किती काळ घ्यावे, या प्रश्नाला प्रथमच आकडा मिळाला.

त्यावर तोड निघाली. गर्भाशय असलेल्या स्त्रियांना जोडीला प्रोजेस्टिन दिले जाऊ लागले आणि गोळी सावरली. पुढे हाडांच्या ठिसूळपणावर ती उपयोगी ठरली, हृदयाचेही रक्षण करते असे निरीक्षणांवरून वाटू लागले. मात्र ती घेणाऱ्या स्त्रिया बहुधा सुशिक्षित, सधन आणि नियमित तपासणी करून घेणाऱ्या होत्या. श्रेय गोळीचे की सुस्थितीचे?

याच शंकेच्या निरसनासाठी १९९१ मध्ये 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' सुरू झाला. त्यातील संयुक्त गोळीची चाचणी सरासरी ५.२ वर्षांनी थांबवावी लागली. दर वर्षी १०,००० स्त्रियांमागे स्तनांच्या कर्करोगाचे ८, पक्षाघाताचे ८ आणि हृदयविकाराचे ७ रुग्ण अधिक. उलट खुब्याच्या हाडाचे मोडणे ५ ने कमी. वृत्तपत्रांनी उचलला तो '२६ टक्के वाढ' हा आकडा. तो खोटा नव्हता. पण १०,००० मागे ८ ही त्याच वाढीची दुसरी बाजू मथळ्यांत क्वचितच आली.

आणखी एक बाब मागे पडली. चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. वाफांनी हैराण होऊन डॉक्टरांकडे जाणारी स्त्री साधारण पन्नाशीची. शिवाय गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांच्या इस्ट्रोजेन-मात्र चाचणीत पक्षाघात वाढला, तरी स्तनांचा कर्करोग वाढला नाही. तोवर असंख्य स्त्रियांनी गोळी सोडलीही होती. त्यांतल्या कित्येकींना त्या वाफा पुन्हा भेटल्या.

२०१७ मध्ये १८ वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला : गोळी घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांतील एकूण मृत्यूंत फरक आढळला नाही. २०२२ मध्ये उत्तर अमेरिकेच्या मेनोपॉज सोसायटीने जाहीर केले की, केवळ ६० किंवा ६५ वर्षे पूर्ण झाली म्हणून सरसकट उपचार थांबवण्याचे कारण नाही. त्रास किती, धोके कोणते, गोळी की त्वचेवरची पट्टी, हे त्या त्या स्त्रीबरोबर वेळोवेळी नव्याने तपासायचे. २००२ च्या त्या चाचणीत पट्टी नव्हतीच.